चकचकीत बशी

कोंबडीच्या अंड्यातला आठ दिवसांचा गर्भ असतो ना, त्याचा पाय वल्ह्यासारखा दिसतो. मग मधल्या पेशी ठरल्या वेळी आपणहून मरतात, तेव्हा कुठे बोटं सुटी होतात. मरणाऱ्या पेशी निळा रंग धरतात, जिवंत धरत नाहीत. माझी प्रबंधाची तीन वर्षं एवढ्यावरच उभी होती आणि परीक्षक अकरा वाजता ते निळे ठिपके बघायला येणार होते.

दहाला मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. अख्खा पाय निळा! बोटं, घोटा, सगळंच.

"सगळीकडेच मरतायत, मग तुझ्या म्हणण्यात राहिलं काय?" माझे मार्गदर्शक सर म्हणाले.

"परवा नीट आलं होतं, सर."

"परीक्षक परवा नाही, आज येतायत."

काचसामान धुणाऱ्या मावशी पुढे झाल्या. त्यांनी तिच्याच जोडीची रिकामी बशी उचलून हुंगली. "ही कुणी घासली गं?"

"मी. काल. पाहुणे येणार म्हणून साबणानं."

"कपाळ माझं! रुखवतात मांडायची होती का?"

जिवंत गर्भाच्या बशीला साबण लावायचा नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. अंश उरला तरी पेशी मरतात.

त्या वयाचं एकच अंडं शिल्लक होतं. मावशींनी पाणी उकळून नवी बशी दहादा विसळली. मी कवच फोडलं. गर्भ अलगद नव्या बशीत उतरवला. रंग चढायला अर्धा तास.

"ती पहिली ओतून टाक," सर कुजबुजले. माझ्याच्यानं होईना. मी ती खिडकीत सरकवली.

परीक्षक आले. नव्या बशीत बराच वेळ बघत राहिले. ठिपके फक्त बोटांच्या मध्ये होते. माझा जीव भांड्यात पडतोय तोच त्यांनी मान वर केली.

"या पेशी तुमच्या हाताळणीनं मेल्या नाहीत कशावरून?"

सरांनी डोळे मिटले. मी खिडकीतली बशी आणून ठेवली.

"हाताळणीनं मेल्या, तर अशा दिसतात. साबण राहिला होता. माझी चूक."

त्यांनी एकदा हिच्यात पाहिलं, एकदा तिच्यात. मग नाक खाली नेऊन वास घेतला.

"तुलनेसाठी या साबणाच्या बशीचंही चित्र प्रबंधात घाला," ते म्हणाले. "पहिल्या पानावर."

मागून मावशी पुटपुटल्या, "आणि खाली लिही, घासणारीचं नाव."