दुसरा जिना

यंत्र आलं त्या दिवशी नकाशा तपासनीसांनी नाक मुरडलं ते मुरडलंच. एकतीस वर्षं लाल पेनाने बांधकामाचे नकाशे तपासणाऱ्या माणसाला आता एक डबडं शहाणपण शिकवणार! "तीन महिन्यांची परवानगी चार मिनिटांत," असं साहेब येईल त्याला सांगत, जणू डबडं त्यांनीच जन्माला घातलं होतं.

"चार मिनिटांत माझा चहासुद्धा गार होत नाही," तपासनीस म्हणाले.

त्यांचं काम आता एवढंच उरलं होतं: यंत्राने हिरवी खूण केली की खाली सही ठोकायची. ते सही ठोकायचे आणि यंत्राला शिव्या हासडायचे, दोन्ही मनापासून.

बुधवारी लेकीचा अर्ज आला. तिसऱ्या मजल्यावर पाळणाघर, चाळीस मुलं. पोरगी नोकरी सोडून, पाळणे मांडून बसली होती. सोमवारी उघडायचं होतं. स्वतःचं दीड वर्षाचं लेकरूही तिथेच ठेवणार होती. लेकीची फाइल बापाने बघू नये हे खरं, पण यंत्र आल्यावर दुसऱ्या तपासनीसाला घरीच बसवलं होतं. यंत्राने हिरवी खूण केली.

नातू झोपणार तिथे म्हटल्यावर तपासनीसांनी ही फाइल शेवटच्या पानापर्यंत पाहिली. आणि हात थांबला. जिना एकच. मुलांची जागा, तीही तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे दोन जिने हवेतच. हे कालच्या शिकाऊ पोरालाही पाठ असतं. खाली आग लागली तर चाळीस लेकरं वरच अडकायची.

"सापडलं!" ते ओरडलेच. "दीडशहाणं कुठलं! बोलवा त्या संगणकवाल्या बाईंना."

बाई आल्या, शांतपणे चार बटणं दाबली. "काका, नियम त्याला दिलेला आहे. पण असे नकाशे आधी पास झालेत, म्हणून त्याने हाही केला."

"कोणत्या गाढवाने पास केले?"

बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. दोनशे बारा फायली. सगळ्या एकाच चष्मेवाल्या आर्किटेक्टच्या, म्हणजे त्यांच्या रविवारच्या पत्त्यांच्या जोडीदाराच्या. सगळ्यांखाली तीच लाल, ऐसपैस सही.

"यंत्राला शिकवायला आम्ही तुमच्याच फायली दिल्या," बाई म्हणाल्या. "तुमचा अनुभव दांडगा, म्हणून."

तपासनीसांना सगळं आठवलं. दुपारी जेवून आलं की डोळे जड व्हायचे. दोस्ताचा नकाशा, त्यात काय बघायचं? पहिलं पान उलटायचं, सही करायची. कधी एका पैशाची लाच घेतली नाही, याचा काय तो ताठा! शाळा, दवाखाने, शिकवण्या, सगळं फुकटात पास केलं होतं. त्यांना स्वतःची किळस आली.

त्यांनी लेकीला फोन लावला. "एकच जिना आहे बाळा. सही नाही करायचो मी."

"बाबा, शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच शाळा आहे," ती रडकुंडीला आली. "तिथेही एकच आहे. ती कशी चालते?"

"ते मला विचारू नकोस," म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि हरकत नोंदवली.

लगेच पडद्यावर प्रश्न उमटला: हीच हरकत अशाच २१२ फायलींना लावायची का? हो, नाही.

लावली की इमारती रिकाम्या करा, चौकशी बसवा, सही कोणाची ते शोधा. निवृत्तीला चार महिने उरले होते. बाई बाजूलाच उभ्या होत्या. तपासनीसांनी "नाही" दाबलं.

कार्यालय सुटायच्या आधी साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. "यंत्राला दिसलं नाही ते अनुभवी डोळ्याने टिपलं! पोटच्या पोरीलाही सोडलं नाही!" टाळ्या पडल्या. तपासनीसांनी चक्क हात जोडले, निर्लज्ज म्हातारा.

मग व्हरांड्यात येऊन त्यांनी जागा दाखवणाऱ्या दलालाला फोन केला.

"पाळणाघरासाठी जागा हवी. तळमजलाच बघ," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि हे बघ, त्या चष्मेवाल्याची इमारत नको."