गोपिकाबाईचा न भाजणारा हात

"आता मी जे सांगतो ते तुमच्यातला एकही माणूस खरं मानणार नाही," असं म्हणत नानाजींनी मोटरपंपाच्या खोलीच्या ओट्यावर पाय वर घेतले आणि ऐसपैस मांडी घातली. "माह्या बायकोनं काल उकळत्या तेलात हात घालून भजे तळले. झारा नाही, चिमटा नाही. वरून मलेच विचारते, मीठ बराबर हाय का जी?"

संत्र्याच्या झाडांखाली बसलेली माणसं आता हसायला हवी होती. नरखेड तालुक्यातल्या त्या गावात हा नेमच होता. नानाजी थाप मारणार, लोक हसणार, कोणीतरी "फेका नानाजी, फेका!" म्हणणार. विहिरीत पडलेली मोटर त्यांनी मिशीच्या केसाला बांधून वर काढली होती. चालती एसटी मागच्या शिडीला धरून थांबवली होती, कारण तंबाखूची डबी आत राहिली होती. त्यांच्या थापांनी आजवर कोणाचं वाकडं झालं नव्हतं.

पण त्या मंगळवारी कोणी हसलं नाही. हिंगण्याच्या कारखान्यातली पाळी संपवून थेट मोटरसायकलवर आलेला एक जण हात जोडून म्हणाला, "जय हो माय!" एका बाईनं पदर डोक्यावर ओढला. आणि मागून कोणीतरी भाबडेपणानं विचारलं, "परसाद म्हणून भेटन का जी ते भजे?"

 थाप अंगावर उलटल्याचं नानाजींना कळलं, पण तोवर ती गर्दीत शिरली होती.

ती गर्दी त्यांच्याच बागेत होती, हेच मोठं दुखणं होतं. आळ्यांमध्ये चपलांचे ढीग, मृगाच्या बहाराची फुलं पायाखाली. समोर मांडव. मांडवात देवीचे भक्त म्हणवणारे अग्निहंस महाराज आणि त्यांच्या शेजारी पाटावर, गळ्यात झेंडूचा हार घातलेली नानाजींची बायको, गोपिकाबाई.

महाराज पूर्वी नागपूरच्या गांधीबागेतल्या एका साडीच्या दुकानात गादीवर बसून माल दाखवायचे. भगवं नेसल्यावर कपडा बदलला होता, जीभ तीच राहिली होती.

"देखो बहनो, आईची कृपा म्हणजे सेलचा माल नाही! पक्का रंग! धुवा, आपटा, उन्हात वाळवा, उतरणार नाही. घ्यायचं नसलं तर नका घेऊ, पण पाहून तर जा. अजून दाखवू? अंदरसे और निकालू?"

आणि ते 'अंदरसे' काढायचे. म्हणजे गोपिकाबाईचा उजवा हात पुढे ओढायचे, तळव्यावर करंगळीच्या बाजूला कापराची वडी ठेवायचे आणि काडी लावायचे. कापूर भडभड जळायचा. गोपिकाबाई शांतपणे बघत बसायची. चटका नाही, हाय नाही. गर्दी बेभान व्हायची. बाया पुढे येऊन तोच हात आपल्या कपाळाला लावून घ्यायच्या.

महाराजांनी तिला शोधलं तेही असंच. गावात पहिल्यांदा आले तेव्हा पेटती उदबत्ती घेऊन रांगेतून फिरले. ज्याच्या अंगावर फिकट चट्टा दिसेल त्याला म्हणायचे, "डोळे मिटून आईचं नाव घे." मग उदबत्तीचं टोक हळूच चट्ट्याला टेकवायचे. जो ओरडला त्याला, "अभी टाइम है बेटा." जो हललाच नाही तो आईचा लाडका. गोपिकाबाईच्या कोपराखाली एक फिकट चट्टा होता. ती हलली नाही. शेजारची इंदूबाईही हलली नाही. दोघींच्या गळ्यात हार पडले, पण कापूर हातावर घेण्याची हिंमत गोपिकाबाईचीच.

नानाजी जन्मभर थापा मारत आलेला माणूस. थाप कुठून शिवलेली असते हे त्यांना अंधारातही चाचपून सांगता आलं असतं. त्यांनी कापराच्या वड्या चोरून आणल्या आणि स्वतःच्या तळव्यावर पेटवून पाहिल्या. नाचत सुटले, विहिरीच्या हौदात हात बुडवावा लागला. बायकोच्या हाताला तुरटी चोळतात का, म्हणून तिचा तळवा जिभेनं चाटून पाहिला.

"काय करून राहिले जी? लाज नाही वाटत या वयात?" ती हात ओढून घेत म्हणाली.

"काय लावते वं तो महाराज तुह्या हाताले?"

"काहीच नाही."

"मंग दुखत काहून नाही?"

"नाही दुखत तर नाही दुखत. मी काय करू?" मग हळूच म्हणाली, "जन्मभर लोक तुमच्याच गोठी आयकत आले. आता थोडे दिवस माह्याकडे पायतात, तर तुमच्या पोटात दुखते का?"

नानाजी उठून मोटर सुरू करायला गेले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या नजरेत सलत होती. गोपिकाबाई पंचक्रोशीत कलमं बांधणारी म्हणून ओळखली जायची. जंभेरी लिंबाच्या रोपावर चाकूनं बारीक चीर द्यायची, संत्र्याचा डोळा म्हणजे कोवळा अंकुर त्यात अलगद बसवायचा, पट्टी गुंडाळायची. तिनं बसवलेला डोळा फुटला नाही असं सहसा व्हायचं नाही. पण यंदा तिच्या हातून चाकू निसटू लागला होता. पट्टी ढिली राहू लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आकड्यासारखं आत वळलं होतं.

"आई आपली मुद्रा घडवून राहिली," महाराजांनी त्याचाही अर्थ लावून दिला. "दवाखान्यात गेली तर कोपेल. दवा घेऊन अंग काळं पडलेले लोक मी पाहिले आहेत!"

नानाजींनी लोकांना सरळ सांगून पाहिलं. "काहीतरी गडबड हाय गा." लोक म्हणाले, "नानाजी, तुमच्या तोंडून खरं आयकाले आम्ही काय येडे हाओ?" म्हणून शेवटी त्यांनी आपलं नेहमीचं हत्यार काढलं. चमत्कार इतका फुगवायचा, इतका फुगवायचा, की फट्दिशी फुटून लोकांना हसू यावं. भज्यांची थाप त्यासाठीच होती.

फुगा फुटला नाही. पुढच्या मंगळवारी लोक कढई घेऊन आले.

बेसन आलं, कांदे चिरून आले, तेलाचा डबा आला. मांडवासमोर चूल पेटली. महाराजांच्या चेहऱ्यावर क्षणभर चलबिचल झाली. एवढा भारी माल आपल्या दुकानात आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण गिऱ्हाईक उभं असताना "नाही" म्हणायची त्यांची सवयच नव्हती.

"मी खोटं बोललो होतो!" नानाजी गर्दीत घुसत ओरडले. "तिनं कधी भजे हातानं तळले नाहीत! आयका गा, थाप होती ते माही!"

आणि लोक हसले. इतक्या दिवसांनी, मनापासून, पोट धरून हसले. "फेका नानाजी, फेका!"

"गोपिका, नको वं!"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग लोकांकडे. पदर खोचला आणि करंगळीच्या कडेनं तेलात हात घालून एक भजं बाहेर उडवलं. टाळ्या कडाडल्या. भज्याचे तुकडे प्रसाद म्हणून वाटले गेले. नानाजी मात्र तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिनं दात घट्ट आवळले होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी हात सुजून फोडांनी भरला. नानाजींनी तिला मोटरसायकलवर मागे बसवलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठलं. तिथल्या डॉक्टर मायांना त्यांनी उदबत्ती, कापूर, तुरटीचा संशय, आईच्या कोपाची भीती, सगळं सांगून टाकलं. पण महाराजांना खबर लागायची ती लागलीच. डॉक्टर मायांनी पट्टी बांधायला घेतली तोवर दाराशी महाराज आणि पाच-पन्नास भक्त उभे राहिले. इंदूबाई सगळ्यांत पुढे.

"मॅडम, आईचा हात आहे तो," महाराज म्हणाले. "पट्टी-बिट्टी काही नको. माल खराब व्हायचा."

डॉक्टर माया तरुण होत्या, पण आवाज कमावलेला होता. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काकू, करंगळीकडे एवढे फोड आहेत. दुखतं?"

"नाही."

"आणि अंगठ्याला हा एक लहानसा आहे. हा दुखला?"

गोपिकाबाई घुटमळली. "लय दुखला. रातभर झोप नाही आली."

"मग महाराज," डॉक्टर वळल्या, "आईची कृपा करंगळीपुरतीच कशी? अंगठ्यानं काय पाप केलं?"

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. महाराज गळ्यातली माळ सारखी करू लागले.

"आज कापूर अंगठ्याकडे ठेवून दाखवा. नाही ना ठेवणार? कारण तुम्हालाही अनुभवानं कळलंय की हात कुठं मेलाय आणि कुठं जिवंत आहे." डॉक्टरांनी गोपिकाबाईच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. "नानाजी, इथं हात लावा."

नानाजींनी चाचपलं. कातडीखाली दोरीसारखं काहीतरी जाड, टणक लागलं.

"ही शीर. हिच्यातून करंगळीकडची जाणीव जाते. ती सुजून निकामी होत चालली आहे. बोटं वळली ती त्यानंच. चट्टा बधिर झाला तोही त्याच आजारानं. यात तुरटी नाही, मंत्र नाही, हातचलाखीही नाही. तुम्ही फसवणूक आगीत शोधत बसलात. ती आगीत नव्हतीच, शिरेत आजार होता." त्या दाराकडे पाहून बोलू लागल्या. "आणि ऐका. डोळे मिटायला लावून चट्ट्याला काहीतरी टेकवायचं आणि कळतं का पाहायचं, हीच आमची तपासणी. आम्ही पेनाचं टोक टेकवतो, यांनी उदबत्ती टेकवली. रुग्ण बरोबर शोधले, आणि औषधाऐवजी हार घातला. जगात ज्या आजारांकडे कोणी फारसं बघत नाही त्यांत हा मोडतो. आपल्याकडे बघितलं, तर त्याची आरती झाली."

"आजार कोणता पण?" इंदूबाईनं विचारलं. तिचा हात आपल्या मानेवरच्या चट्ट्याकडे गेला होता.

"कुष्ठरोग."

तो शब्द खोलीत पडला आणि दारातली गर्दी पाऊलभर मागे सरकली. कालपर्यंत जो हात कपाळाला लावून घेत होते त्याच्यापासून. हिंगण्याच्या त्या माणसानं नकळत कपाळ बाहीनं पुसलं. गोपिकाबाईनं ते पाहिलं. नानाजींनी तिला ते पाहताना पाहिलं.

"थांबा!" डॉक्टर माया ओरडल्या. "हात लावल्यानं हा होत नाही. औषध न घेतलेल्या रुग्णाच्या वर्षानुवर्षांच्या जवळच्या सहवासातून होतो, तोही थोड्यांनाच; बहुतेकांचं शरीर त्याला परतवून लावतं. उपचार सुरू झाले की थोड्याच दिवसांत रुग्णापासून धोका राहत नाही. अलीकडचं संशोधन सारखं हेच सांगतंय की दडवलेल्या रुग्णांमुळे हा आजार टिकून आहे. घरच्या माणसांना आधीच एक डोस दिला तर त्यांचा धोका कमी होतो. औषध फुकट आहे. एका गोळीनं कातडी जरा काळवंडते, औषध संपल्यावर काळेपणा हळूहळू उतरतो; तो कोप नाही. अहो, न दुखणं म्हणजे कृपा नव्हे. दुखणं ही शरीराची हाक आहे, ती बंद पडली तर आधी विचारा, का बंद पडली? एवढा एक प्रश्न विचारायला कोणत्या महाराजाची परवानगी लागते?"

 महाराजांची मोटर कधी सुरू झाली ते आवाजावरूनच कळलं. भक्त पांगले, काही गाडीच्या मागे गेले, काही घरी. "इंदूबाई, तुम्ही तरी थांबा," डॉक्टरांनी हाक मारली. तिनं पदर मानेभोवती घट्ट गुंडाळला. "मले काय झालं? घामोळं हाय ते," म्हणाली आणि उन्हात चालू लागली. डॉक्टर दारापर्यंत तिच्यामागे गेल्या, तशाच परत आल्या. ओढून तर कोणाला आणता येत नाही.

खोलीत तिघंच उरले.

"मॅडम, बोटं सरळ होतीन ना हिची?" नानाजींनी विचारलं. "कलमं बांधते हो ते."

"आजार पूर्ण बरा होईल. बोटांचं..." डॉक्टर थांबल्या. "शीर जाऊन किती दिवस झाले त्यावर आहे. नुकतीच बधिर झाली असेल तर वेगळं औषध देऊन परत आणायला बघतो. जुनी असेल तर हातात फारसं नाही. म्हणून नीट तपासू द्या. काकू, डोळे मिटा. जिथं टोचेल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवून सांगा."

गोपिकाबाईनं डोळे मिटले. पट्टी न बांधलेली करंगळी टेबलावर आकड्यासारखी पडली होती. डॉक्टर पेन शोधत होत्या.

"लागलं," गोपिकाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली.

"इथं लागलं. करंगळीलेही लागलं." ती भराभर बोट ठेवत सुटली, चट्ट्यावर, मनगटावर, वळलेल्या बोटावर. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी वाहत होतं. "सगळं लागून राहिलं मॅडम. लय दुखून राहिलं. लिहून घ्या तुमी, हिले सगळं समजते म्हणून."

 नानाजींना वाटलं, राहू द्यावं, बोलू द्यावं तिला. पण ती थांबतच नव्हती. त्यांनी तिचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले,

"खोटं बोलून राहिली वं, गोपिका. मॅडमनं पेन अजून हातातच नाही घेतला."