मेणातला तुकडा

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी एका जुन्या कोटाचं अस्तर उसवत बसले होते. पलीकडची डॉक्टरीणबाई फार गोड आवाजात म्हणाली, की तुमच्या मिस्टरांच्या यकृताचा, ऑपरेशनात काढलेला तुकडा आमच्याकडे जपून ठेवलेला आहे, त्यावर अभ्यास करायचाय, घरच्यांची परवानगी हवी. माझ्या हातातलं ब्लेड तसंच हवेत राहिलं. माणूस जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याचे शर्ट नणंदेने ज्याला त्याला वाटून टाकले होते, चष्मा कुठे गेला ते कळलं नव्हतं, उशीचा वाससुद्धा धुऊन गेला होता, आणि ही बाई सांगत होती की तो अजून आहे, थोडासा का होईना, कपाटात.

"परवानगी देते," मी म्हटलं. "पण तुमचं काम झालं की उरलेलं मला द्यायचं. आणि कापाल तेव्हा मी समोर असणार."

"अहो, असं कुणी मागत नाही."

"मी मागतेय ना."

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला गोडगोड बोलून कुणी टाळलेलं चालत नाही. शेवटी ती डॉक्टरीणबाई हो म्हणाली. अभ्यास संपला की उरलेला तुकडा माझा, असं ठरलं.

प्रयोगशाळा म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली, मेणाचा वास, खिडक्यांना दुधी काचा. तिथे तुकडे कापायचं काम करणारे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे, म्हणून मीही मामाच म्हणू लागले. त्यांनी पहिल्या दिवशी तो माझ्या तळहातावर ठेवला. पांढऱ्या मेणाची एक वडी, आणि तिच्या मधोमध करड्या रंगाचा, नखाएवढा, माझा नवरा.

"बर्फावर होता, गार लागेल," मामा म्हणाले.

गार नव्हता. खिशातून काढलेल्या हातासारखा कोमट होता.

डॉक्टरीणबाईने मला समजेल असं सांगितलं. दोघांना एकच रोग, दोघांचं ऑपरेशन सारखंच, तरी एक म्हातारा होईपर्यंत जगतो आणि दुसरा वर्षाच्या आत जातो. कोण जगणार आणि कोण जाणार, याची खूण त्या मांसातच कुठेतरी असते, ती वेळेवर वाचता आली तर पुढच्या माणसांना वाचवता येईल. पातळ काप काचेवर घेऊन त्यावर औषध टाकायचं. तपकिरी रंग चढला तर रोग परत येणार. माझ्या नवऱ्याचा पहिला काप तिने मला मायक्रोस्कोपमधून दाखवला. सगळा तपकिरी, चहा सांडल्यासारखा.

"म्हणजे तेव्हाच ठरलं होतं?"

"तेव्हा आम्हाला वाचता येत नव्हतं," ती म्हणाली, आणि तिने मान वळवली. त्या दिवसापासून मला ती पोरगी आवडायला लागली.

मग मी जातच राहिले. मामा कापायच्या यंत्राचं चाक फिरवायचे, वडी पात्यावर घासून खाली यायची, आणि तिच्यातून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पट्टी सुटायची. ती कोमट पाण्यावर सोडली की आपोआप सरळ व्हायची आणि मामा श्वास धरून तिला काचेवर उचलून घ्यायचे. मला ते बघताना जिवाला बरं वाटे. आणि एकदा, चाक फिरलं त्याच क्षणी, माझ्या उजव्या बरगडीखाली दोन बोटं रुतली.

हे नीट सांगायला हवं. आमचं स्वयंपाकघर म्हणजे एक पट्टी. उजेड तिथेच, म्हणून माझं शिवणाचं मशीनही तिथेच, आणि नळ माझ्या पाठीमागे. माझ्या नवऱ्याला नळाकडे जायचं असलं की तोंडाने "सरक" म्हणायचं नाही, मागून यायचं आणि माझ्या उजव्या बरगडीखाली दोन बोटं खुपसायची. मी दचकायचे, शिव्या घालायचे, स्टूल पुढे ओढायचे.

"तोंड दिलंय ना देवाने?"

"दिलंय की. पण तू ऐकतेस कुठे!"

त्याला मी अहो-जाहो कधी केलं नाही, केलं असतं तर तोच घाबरला असता. पंचवीसेक वर्षं रोज ती बोटं खाल्ली आणि रोज ओरडले. तो गेल्यावर मी कितीदा मुद्दाम वाट अडवून बसले असेन, ते माझं मला माहीत.

प्रयोगशाळेत मागे वळून पाहिलं तर भिंत होती. मामांनी पुन्हा चाक फिरवलं, पुन्हा बोटं रुतली. मी बाकावर गच्च बसून राहिले, न ओरडता, डोळे मिटून.

नणंद म्हणाली, "वहिनी, तू त्या तुकड्याला भेटायला जातेस? लोक काय म्हणतील!"

"लोकांच्या नवऱ्यांना भेटायला तर जात नाही ना?"

ती हसली, मग माझ्याकडे बघतच राहिली. "कपडे लोंबायला लागलेत तुझे. काही खातेस की नाही?"

मी खात होते. कपडे मात्र प्रत्येक खेपेनंतर थोडे थोडे आत घ्यावे लागत होते, आणि टाके नेहमी उजव्याच बाजूने. मशीन घरातलंच आहे, त्याचं एवढं काही वाटलं नाही.

एके दिवशी मामांनी चाक थांबवलं आणि वडी उजेडाकडे धरली. "वहिनी, इतके काप घेतले, एव्हाना हा संपायला हवा होता. आहे तेवढाच आहे."

"यकृत वाढतं म्हणतात," मी म्हटलं.

"जित्या माणसात," मामा म्हणाले, आणि पातं पुसायला लागले.

पुढे डॉक्टरीणबाईच्या कपाळावर आठ्या दिसायला लागल्या. नव्या कापांवर तपकिरी रंग आधी फिका चढत होता, मग ठिपके ठिपके, मग चढेनाच. तिने दोन काचा शेजारी ठेवून मला दाखवल्या. एक चहा सांडलेली, दुसरी स्वच्छ.

"हा दुसरा माणूस जगला असता," ती म्हणाली. "आणि दोन्ही काप एकाच वडीचे आहेत."

मला त्या वाक्याचा इतका आनंद झाला की मी बाहेर जाऊन जिन्यात रडले.

पण ती तेवढ्यावर थांबणारी नव्हती, तिने आणखी तपासण्या केल्या. मग मला बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं. "मावशी, रागावू नका. शेवटचे काप तुमच्या मिस्टरांचे नाहीत. बाईचे आहेत. आमच्याकडे वड्यांची अदलाबदल झाली असणार."

"नाही झाली," मामा दारातून म्हणाले. "मी डोळ्यांदेखत..." आणि माझ्याकडे पाहून गप्प झाले. माझा हात कधी उजव्या कुशीवर गेला होता, मला कळलंच नव्हतं.

"आता ही वडी अभ्यासाला चालणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "हवी असेल तर न्या. पण ती कुणाची आहे, ते मी सांगू शकत नाही."

मी नेली. ज्यासाठी एवढी भांडले ते पदरात पडलं होतं. मशीनच्या खणात, बॉबिनांच्या शेजारी, मऊ कापडावर तिला ठेवली. सकाळी खण उघडायचे, बघायचे, बोट लावायचे. कोमट. एवढंच. कुशीत काही नाही. दिवस गेले, अंगावर थोडं मांस चढलं, नणंद म्हणाली, "आता कशी माणसात आलीस!" मी वाट अडवून बसत होते आणि माझ्यामागून कुणीही जात नव्हतं. तो घरात होता आणि नव्हता, आणि हे त्याच्या मरणापेक्षा वाईट होतं. तेव्हा निदान वाट तरी पाहायची नव्हती.

काल दुपारी हातातलं काम संपलं. ऊन मशीनवर आलं होतं. मी खणातून वडी काढली, उसवायचं नवं ब्लेड कागदातून सोडवलं आणि मामा धरायचे तसा श्वास धरला. माझा हात शिवणारीचा आहे, कापायला घाबरत नाही. अगदी पातळ पट्टी सुटली.

दोन बोटं, उजव्या बरगडीखाली.

"सरकते की," मी म्हटलं, आणि स्टूल पुढे ओढलं.

पाठीमागे नळ सुरू झाला. मी मान वळवली नाही. वडी उजेडाकडे धरून पाहिली, तर तुकडा होता तेवढाच होता. तेव्हा ब्लेड पुन्हा टेकवलं.