सिरसौलीची एकमेव हरकत

सिरसौलीची नगरपालिका होऊन चार वर्षं झाली, तरी गाव गावच होतं. हरियाणातल्या मानेसरच्या कारखान्यांतले कामगार तिथे खोल्या घेऊन राहत, म्हशी त्यांच्या मोटारसायकलींना अंग घाशीत, आणि पालिकेची सभा जुन्या चौपालीवर, म्हणजे गावाच्या बैठकीच्या ओट्यावर, हुक्क्याभोवती भरे. सगळी वस्ती लाल डोऱ्याच्या आत. लाल डोरा म्हणजे नकाशावर गावठाणाभोवती पूर्वी कधीतरी ओढलेली रेघ. तिच्या आत घर बांधायला कुणाची परवानगी लागत नसे आणि घरांना वेगळे नंबरही नसत. अख्ख्या गावठाणाचा मिळून एकच भूखंड-नंबर, दोनशे चौदा.

आता नव्या कायद्याचा मसुदा आला होता. मंजूर नकाशा नसलेलं घर अनधिकृत, आणि मंजुरी द्यायची ती दूरच्या प्राधिकरणाने, पालिकेने नव्हे. हरकती नोंदवायला तीस दिवस.

"लिखाई आपकी, बाबूजी," नगराध्यक्ष धीरज सुधाकररावांना म्हणाला. "हमें तो ढंग की गाली लिखनी भी नहीं आती."

सुधाकरराव दिल्लीच्या सरकारी कचेरीत तीस वर्षं अनुवादक होते. निवृत्तीनंतर त्यांनी सिरसौलीत दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. ते घरही आता अनधिकृत ठरणार होतं. त्यांनी होकार दिला आणि लगेच कागद पुढे ओढला.

सव्वीस दिवस ते लिहीत होते. पाचव्या पानावरची विनंती फार लाचार वाटली म्हणून ताठ केली, मग फार ताठ वाटली म्हणून पुन्हा वाकवली.

"अहो, हरकत लिहिताय की कायदाच?" त्यांच्या पत्नी लतिकाबाई म्हणाल्या. "देऊन टाका आता. बिल्कुल ठीक आहे ते."

हरकत फक्त संगणकावरून पाठवायची होती. गावाच्या रिवाजाप्रमाणे ठरलं, की रविवारी चौपालीवर ती सगळ्यांसमोर वाचायची आणि सगळ्यांसमोरच पाठवायची. पन्नास माणसांपुढे आपली बोटं चुकली तर? या धास्तीने सुधाकरराव शनिवारी दुपारी सराव करायला एकटेच पालिकेच्या कार्यालयात जाऊन बसले. नंबराच्या जागी त्यांनी दोनशे चौदा भरला. हरकतीच्या चौकटीत टाइप केलं, 'यह एक परीक्षण है.' बटण दाबलं. 'धन्यवाद' असं उमटलं. चला, जमतंय. परत येताना त्यांनी लतिकाबाईंसाठी जिलबीसुद्धा घेतली.

रविवारी त्यांनी अकरा पानं वाचली. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. धीरजने त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. कार्यालयातून आणून ठेवलेल्या संगणकावर त्यांनी नंबर भरला आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. या भूखंडाची हरकत नोंदवली गेली आहे. एका भूखंडास एकच हरकत.

"किसने कर दी?" धीरज ओरडला. "ये पक्का किसी बिल्डर का काम है!"

"मैंने," सुधाकरराव म्हणाले. आवाज इतका बारीक होता, की त्यांना तो दोनदा काढावा लागला.

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. धीरजने दोन दिवस फोन केले, मग दोघे प्राधिकरणात जाऊन आले. खिडकीतल्या माणसाने कागदांकडे पाहिलंही नाही. नोंदलेली हरकत मागे घेण्याची सोय नाही, म्हणाला. तिसावा दिवस उलटला.

महिन्याभराने उत्तर आलं. धीरजने ते न फोडताच सुधाकररावांच्या हाती दिलं. "पढ़ दो, बाबूजी."

चौपालीवर सगळे गोळा झाले. सुधाकररावांनी चष्मा पुसला आणि वाचलं. सिरसौली पालिकाक्षेत्रातून एक हरकत प्राप्त झाली. तिचा सांगोपांग विचार करण्यात आला. तीत मसुद्याला विरोध आढळत नाही.

"तो मकान रहेंगे?" कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने विचारलं. त्याला कमी ऐकू येई.

सुधाकररावांनी धीरजकडे पाहिलं. धीरज हुक्क्याची नळी फडक्याने पुसत होता, पुसतच राहिला. मग म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून सुधाकररावांनी ते पत्र पहिल्यापासून, मोठ्याने, पुन्हा वाचायला घेतलं.