हनुवटीवरची मिश्री

चौऱ्याण्णव साली माझ्या तोंडाभवती पुटकुळ्या आल्या आन् हनुवटीवर काळे ठिपके. झालं, गावात जो तो डॉक्टर झाला. काकी म्हणाली, अंगात उष्णता हाय. शेजारच्या बनुबाईनं लिंबू चोळलं, तशी कातडीच सोलून निघाली. आबा, म्हंजे माझे वडील, म्हणाले, "लगीन झालं की जातंय." जसं काय पुटकुळ्या माझ्या वरातीची वाट बघत बसल्यात!

मलकापूरच्या डॉक्टरीणबाई तेवढ्या नीट बोलल्या. "ही घाण नाही, बाळ. कातडीचं तेल छिद्रात अडकतं आणि हवा लागून काळं पडतं. घासू नकोस, दाबू नकोस. थोडा धीर धर."

धीर कुठनं आणू? रविवारी शिराळ्याचं स्थळ बघाय येणार हुतं. मुलगा ऋषिराज, शाळंत मास्तर. लग्नानंतर पोरगीला कॉलेज पुरं करू देतो, असं त्यानं आधीच कळवलेलं. खरं सांगते, मला हेच स्थळ पायजे हुतं.

रविवारी मी पोहे घेऊन बाहेर गेले. ऋषिराजची आई हरणाबाई माझ्या हनुवटीकडं टक लावून बघाय लागली. "आगं बया! पोरगी मिश्री लावती की!"

"आवं मावशी, मिश्री न्हाई ती. कातडीचं तेल हाय, काळं पडलंय."

"मला शिकवती व्हय?" म्हणत तिनं माझी हनुवटी बोटानं खसाखसा पुसली आन् बोट सगळ्यांम्होरं धरलं. काळंकुट्ट!

बोट तिचंच काळं हुतं. आल्या आल्या अंगणात तिनं कमरंची डबी काढून दातांवर भाजल्या तंबाखूची काळी मिश्री फिरवली हुती. समद्यांनी बघितलं हुतं. ऋषिराज तर डबीचं टोपण धरून हुबा हुता.

मी त्याच्याकडं बघितलं. आता बोलंल, मग बोलंल. त्यो मान खाली घालून पोह्यातलं शेंगदाणं वेचत हुता. आबांनी तर पावण्यांस्नी आणिक पोहे वाढाय सांगितले. मला लय रडू आलं, पर तिथं रडले न्हाई.

आठ दिसांनी निरोप आला. पोरगी पसंत हाय, फकस्त मिश्री सोडाय सांगा.

आबा हरखले. "सोडंल की! आजपास्नं सोडली म्हणून कळवतो!"

"आबा," मी म्हटलं, "त्यास्नी कळवा, पोरगीला मिश्री लय आवडती. काय केल्या सुटत न्हाई."