दाराखालचा पत्रा

"अगं, तुझी गाडी!" सासूबाई इतक्या मोठ्याने म्हणाल्या की फलाटावरच्या दोघा-चौघांनी वळून पाहिलं.

गाडी तिची होती, म्हणजे घरच्यांच्या लेखी. मेट्रोच्या डेपोत ती इंजिनिअर. जुन्या गाड्या भंगारात काढायच्या की डागडुजी करून पुन्हा वापरायच्या, यावर वर्षभर काथ्याकूट चालला होता, आणि तो मिटला तिच्या अहवालाने. सांगाडे ठणठणीत आहेत. आसनं, दिवे, वायरी आणि दारांची यंत्रं बदलली की नव्या गाडीच्या निम्म्याहून कमी खर्चात या गाड्या अजून पंधरा वर्षं धावतील, असं तिने लिहिलं होतं. पैसे मंजूर झाले. पहिली गाडी नटूनथटून रुळांवर आली, तेव्हा सासूबाईंनी नात्यातल्या झाडून सगळ्यांना फोन केले: आमच्या सुनेने म्हातारीला तरुण केलं बरं का!

दारं उघडली. आत पिवळीधमक आसनं चमकत होती. ठकीने आईचं बोट खेचलं. "आई, पिवळी खुर्ची! मला खिडकी!"

"ही जाऊ दे," ती म्हणाली. "पुढची घेऊ."

"का गं?" सासूबाईंचा एक पाय पुढे पडला होता, तो त्यांनी तसाच ठेवला.

"गर्दी आहे, आई."

सासूबाईंनी आत डोकावून पाहिलं. समोरच्या अख्ख्या बाकावर एक माणूस पेपर पसरून एकटाच बसला होता. "गर्दी कुणाची? त्या पेपराची?"

तेवढ्यात एक बाई बाबागाडी ढकलत लगबगीने आली. आतलं बाळ मुठी वळून गाढ झोपलं होतं. बाईने पुढची चाकं उचलली आणि दाराच्या उंबऱ्यावर टेकवली. हिच्या तोंडून शब्द निघाले, पण निघाले ते भलतेच. "जपून हं, चाक अडकेल."

"थँक्यू," बाई हसून म्हणाली आणि आत गेली. दारं मिटली. ठकीने भोकाड पसरलं.

गेले काही आठवडे हे असंच चाललं होतं. एकटी असली की ती त्या गाडीत बसायची. नाही बसलं तर स्वतःशीच कबूल केल्यासारखं झालं असतं. ठकी बरोबर असली, की मात्र काही ना काही निमित्त निघायचं. पाणी प्यायचंय, बुटाची लेस सुटलीय, फोन येतोय. आणि गाडी निघून गेली की पाठमोऱ्या डब्यातल्या डोक्यांकडे ती बघत राहायची. त्यातली काही डोकी फार खाली, खिडकीच्या काठाला जेमतेम पोचणारी असायची.

झालं होतं ते इतकं साधं, की कुणाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग त्यात काय! जुन्या डब्याचा कस जोखायचा तर त्याचा तळ उघडून बघावा लागतो. सगळे डबे उघडणं शक्य नसतं, म्हणून नमुन्याला दोन-तीन निवडतात. वरची रबरी फरशी काढायची, फळी उचलायची आणि दारांखालचा पत्रा ठोकून बघायचा, कारण पाणी शिरतं ते दारातून, आणि गंजही तिथूनच धरतो. ती तपासणीला गेली त्या दिवशी शेडमध्ये तीन डबे उभे होते. बाकीच्या गाड्या पलीकडे उघड्यावर, वर्षानुवर्षं ऊनपाऊस खात. फोरमन म्हणाला होता, "मॅडम, तिकडचा एखादा हवा असेल तर आणतो ओढून. पण संध्याकाळ होईल." तिने घड्याळ बघितलं. पाळणाघर बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. आदल्याच आठवड्यात उशीर झाला होता, आणि ठकी तिथल्या बाईंच्या कडेवर चप्पल घालून तयार, दाराकडे बघत, न रडता बसलेली दिसली होती. ते न रडणं तिच्या जिव्हारी लागलं होतं.

"राहू द्या," ती म्हणाली होती. "हेच बघू."

पत्रा तिन्ही डब्यांचा खणखणीत निघाला. निघणारच. छपराखालचा पत्रा तो. तिने लिहून टाकलं: तळ उघडण्याची गरज नाही. त्या वाक्यावर सगळं काम उभं राहिलं. जुन्या फळीवरच नवी फरशी चिकटवली गेली आणि खाली काय आहे ते कुणी पाहिलंच नाही. पुढे एकदा फलाटावर उभी असताना तिला त्या नटवलेल्या गाडीच्या दाराखालून उतरलेला एक तांबूस ओघळ दिसला. जुना रंग असेल, असं तिने मनाला सांगितलं. मनाने ते ऐकून घेतलं. पटलं नाही.

ठकी रडून रडून आजीच्या मांडीवर झोपली. पुढची गाडी यायला वेळ होता. सासूबाई जन्मभर बँकेत कॅशियर होत्या. खोटी नोट त्यांना बघावी लागायची नाही, बोटांनाच कळायची.

"मघाशी ते गर्दीचं काय होतं?"

"काही नाही, आई."

"काही नाही कसं? परवाही तू लेस बांधत बसलीस. पोरीच्या बुटाला लेसच नाहीये, चिकटपट्टी आहे."

ती कसंनुसं हसली. मग हसू ओसरलं आणि तिने सांगून टाकलं. छपराखालचे डबे, पाळणाघर, ओघळ. "खाली पत्रा चांगलाही असेल. मला माहीत नाही. पण ठकीला नाही बसवत मी."

सासूबाई आता बोलतील, मग बोलतील, म्हणून ती वाट बघत राहिली. त्यांनी नातीच्या कपाळावरचे केस मागे सारले. गाडी गेली होती त्या दिशेला एकदा पाहिलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

सकाळी ती थेट वर्कशॉपात गेली. दुसरी गाडी तयार होत होती, ती उघड्यावरचीच. आतून नव्या रबराचा आणि डिंकाचा वास येत होता. कोपऱ्यातल्या शिलाई मशिनींवर बायका आसनांच्या खोळी शिवत होत्या. त्यांची मुकादम म्हणजे फोरमनची धाकटी भावजय. वर्कशॉपाला टाळं लागायच्या बेतात होतं तेव्हा हे काम आलं, आणि मशिनी पुन्हा सुरू झाल्या.

"काका," ती फोरमनला म्हणाली, "या डब्याची फरशी उघडायचीय."

"कुठली? कालच चिकटवलेली?" फोरमनने चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, आत्ताशी कुठे पाहुणे पाटावर बसले, आणि तुम्ही म्हणता पाट काढा!"

"दारापुरतीच."

"तुम्हीच लिहिलंय ना, गरज नाही म्हणून?"

"तीनच डबे बघून लिहिलं."

"मग? डॉक्टर रक्त तपासतो तेव्हा बादलीभर काढतो काय?"

"ते तिन्ही छपराखालचे होते, काका."

फोरमनचा हात चष्म्यापाशीच थांबला. तो दिवस त्यालाही आठवला असणार. "मी म्हटलं होतं, ओढून आणतो म्हणून," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही म्हटलं होतं. मीच नको म्हटलं."

त्याने एका पोऱ्याला बोलवायला तोंड उघडलं, मग विचार बदलला आणि स्वतःच सुरी घेऊन गुडघ्यांवर बसला. नवी फरशी कापताना त्याचा चेहरा असा झाला होता, जणू स्वतःचा सदरा फाडतोय. फळी निघाली. तिने हातोडीने पत्र्यावर टकटक केलं. आवाज स्वच्छ आला. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून जोर दिला, तर टोक घसरलं आणि पत्र्यावर पांढरी रेघ उठली.

"झालं समाधान?" फोरमन खूश झाला. "माणसाने इतकं काळजीखोर असू नये, मॅडम. आमची ही पण तशीच. गॅस बंद केला का बघायला जिन्यावरून परत जाते. चला, झाकू?"

झाकू, असं म्हणायचं होतं तिला. जिभेवर आलंही होतं. एक दार बघितलं, बरं निघालं, आता ठकीला पिवळ्या खुर्चीत बसवता येईल. मग तिच्या लक्षात आलं की हे असंच तर त्या दिवशीही झालं होतं. चांगलं दिसलं तिथेच ती थांबली होती.

"पलीकडचं दार," ती म्हणाली. "गाड्या धुवायच्या कमानीकडचं. तिथलं पाणी वर्षानुवर्षं त्याच बाजूला उडायचं."

फोरमन पलीकडे गेला, कापलं, फळी उचलायला गेला तर फळीचा कोपराच हातात आला, काळा, ओलसर. तिने हातोडी मारली. आवाज आलाच नाही म्हणावा असा, दबका. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. जोर द्यावाच लागला नाही. बाहेर काढला तेव्हा चहात भिजलेल्या बिस्किटासारखा लालसर चुरा त्याला लागून आला. भोकातून खालचा रूळ दिसत होता.

"पट्टी मारतो आतून," फोरमन म्हणाला. "वरून फरशी. उद्यापर्यंत कळणारही नाही."

"आणि बाकीची दारं?"

"जिथे जिथे असेल तिथे."

"कुठे कुठे आहे ते कळायला सगळी उघडायला लागतील. आणि जी धावतीय तिचं काय?"

फोरमन उठला. गुडघे झाडायला त्याने बराच वेळ लावला. "मॅडम, सगळं उघडलं तर खर्च दुपटीवर जाईल. मग वरचे म्हणतील, यापेक्षा नव्याच आणा. नव्या गाड्यांची आसनं कारखान्यातून शिवूनच येतात." त्याने कोपऱ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. "आणि एवढंसं भोक पडलं म्हणून लगेच कुणी खाली पडत नाही."

"मला माहितीय."

"मग?"

"काल मला नक्की माहीत नव्हतं, काका. आज तुमच्यासमोर स्क्रू-ड्रायव्हर आत गेला."

"जा मग," तो म्हणाला. रागाने नव्हे, पण तिच्याकडे पाठ फिरवून तो फरशीचा कापलेला तुकडा उगाचच गुंडाळत बसला. ती मशिनींच्या शेजारून गेली तेव्हा भावजय मान वर करून हसली. "काय मॅडम, आज सकाळी सकाळी? मुलगी बरी ना?" तिला 'बरीय' एवढंच म्हणता आलं.

डेपोच्या ऑफिसात साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं. "त्या आकड्यावर मी वरच्यांना शब्द दिला होता, बाई."

"आकडा चुकला, सर. मी चुकवला. फक्त छपराखालचे डबे बघितले. घरी जायची घाई होती."

"बसा."

ती उभीच राहिली.

"हे बघा," साहेब म्हणाले, आणि त्यांचा सूर समजुतीचा होता, त्यामुळेच ऐकणं अवघड गेलं. "नव्या गाड्या मागवल्या तरी यायला वर्षं जातील. तोवर लोकांनी काय चालत जायचं? या गाड्या दुरुस्त करणं अजूनही परवडेल कदाचित. दारं बदलूनसुद्धा. पण आज एकदम बोभाटा झाला, तर परवडतं की नाही हे कुणी बघणारही नाही. सगळंच बंद करतील. हळूहळू आणू कागदावर. पुढच्या तपासणीत सापडलं म्हणू. तुमचंही नाव राहील."

यातलं बहुतेक खरं होतं. हेच तिने स्वतःला आठवडेच्या आठवडे सांगितलं होतं, इतक्या नीट मात्र नाही.

"आणि तोवर ती पहिली गाडी?"

"चालतेय ना? तुम्हीही तिनेच येता की."

"मी येते," ती म्हणाली. "मुलीला आणत नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या टेबलावरच्या पेनांच्या भांड्यात कुणा लहान मुलाने रंगवलेला वाकडातिकडा कागदी घोडा खोचला होता. त्यांनी तिच्यावरची नजर काढली, फोन उचलला, कंट्रोल रूमचा नंबर लावला. "एक गाडी मागे घ्यायचीय," ते म्हणाले, आणि रिसिव्हर तिच्यापुढे धरला. "कुठली आणि का, ते तुम्ही सांगा."

तिने गाडीचा नंबर सांगितला. कारण सांगितलं. स्वतःचं नावही सांगितलं, पलीकडच्याने विचारलं नव्हतं तरी.

"आत्ता?" कंट्रोलवाला म्हणाला. "अहो, ऑफिसची वेळ आहे, खचाखच भरलीय. शेवटच्या स्टेशनपर्यंत जाऊ दे की, मग रिकामी काढतो."

"पुढच्या स्टेशनवर उतरवा."

"एवढी माणसं कुठे मावायची फलाटावर? पुढच्या गाडीत तरी जागा आहे का?"

"नाहीये. तरी उतरवा."

तो काहीतरी पुटपुटला. मग दूर कुठेतरी घोषणा झाली, गाडी इथून पुढे जाणार नाही, सर्वांनी कृपया उतरावं. मग तीच पुन्हा. मग गलका. फलाटावरच्या कुणाच्या तरी वॉकीटॉकीतून तो कंट्रोलमध्ये आणि तिथून तिच्या कानात येत होता. एक लहान मूल चिडून ओरडत होतं.

"ऐकताय ना मॅडम?" कंट्रोलवाला म्हणाला. "लोक शिव्या घालतायत."

"घालू देत," ती म्हणाली. "शेवटचा माणूस उतरला की सांगा." आणि तिने रिसिव्हर कानाला तसाच धरून ठेवला.