टिंबाची टिकली

मित्रांनो, ‘मी एक जुना फलक आहे’ असं म्हणायची रीत आहे, पण मला अजून वर्षही झालेलं नाही. भोगलं मात्र म्हाताऱ्याएवढं!

लोणखेड्याच्या प्रतिभाने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मला चपलांच्या खोक्यात बनवलं. पोटात मेंदूचं काम करणारा बोटाएवढा मायक्रोकंट्रोलर, तोंडावर लाल एलईडी दिवे आणि नळाच्या तोंडात सोडलेल्या दोन तारा. नळाला पाणी कधी येईल ते देवालाच ठाऊक! तिची आई रुक्मिणीबाई घरात भाकरी थापत असायची आणि बाहेर अंगणात पाणी येऊन निघून जायचं. आता तारांना पाणी लागलं की मी दारावरून झळकायचो, ‘पानी उनं’. म्हणजे पाणी आलं. आईसाठी म्हणून प्रतिभाने मुद्दाम अहिराणीत लिहिलं. गल्लीभर माझं कौतुक झालं. पुढे मात्र कोणी धूळसुद्धा पुसेना, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘नं’वरच्या टिंबाचा दिवा गेला.

“एवढ्याशा टिंबाने काय होतंय!” प्रतिभा म्हणाली.

काय होतंय? ऐका!

जानेवारीची कडाक्याची थंडी. पुण्याहून आलेले परीक्षक मला कामावर बघायला थेट घरीच आले. मी नापास, तर प्रतिभाचं वर्ष वाया. तेवढ्यात नळ आला आणि मी झळकलो, ‘पानी उन’.

“अरे वा, ऊन पाणी!” म्हणत सरांनी भरली ओंजळ तोंडावर मारली. आई गं! सर असे किंचाळले की ओट्यावरची कोंबडी उडून माझ्या डोक्यावर बसली.

“खोटं बोलतंय तुझं यंत्र!” सर कुडकुडत म्हणाले. प्रतिभाचा चेहरा उतरला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सर, नळले गरम पानी कोठून ई?” रुक्मिणीबाई म्हणाली. “उनं म्हंजे उनं!”

“उनं म्हणजे आलं, सर,” प्रतिभा रडकुंडीला येऊन म्हणाली. “टिंबाचा दिवा गेलाय.”

“टिंब दाखव, मग बघू.”

रुक्मिणीबाई तरातरा आत गेली, आरशावरची लाल टिकली काढून आणली आणि माझ्या ‘न’वर चिकटवली. “हाई ल्या टिंब!”

सर टॉवेलात तोंड खुपसून हसत सुटले. “टिकलीचे मार्क आईंचे, बाकीचे तुझे. पास!”

मित्रांनो, तो दिवा अजून बसलेला नाही. प्रतिभाचं रोज ‘उद्या’ चाललंय. रुक्मिणीबाई मात्र सणासुदीला टिकली बदलते. पोळ्याला तर चमकीची लावली. म्हणून हात जोडून सांगतो, यंत्राचं बारीकसारीक दुखणं वेळीच बघा. नाहीतर दिवाळीला ही बाई मला नथ घालायची!